इंग्लंडच्या कायदेदप्तराची झाडाझडती

सन १८१७ च्या नोव्हेंबर महिन्यात लंडनच्या किंग्ज बेंच न्यायालयापुढे अब्राहम थॉर्नटन नावाच्या एका धट्ट्याकट्ट्या गवंड्याला उभे करून त्याच्यावरील खुनाचा आरोप वाचून दाखविण्यात आला, आणि तुझे म्हणणे काय, असे शिरस्त्याप्रमाणे त्याला विचारण्यात आले, तेव्हा त्याने वकिलाकडून चामड्याच्या हातमोज्यांची जोडी घेतली, एक मोजा स्वतःच्या हातात चढविला, दुसरा न्यायासनासमोरच्या फरशीवर फेकला, आणि आपण निर्दोष असून आपल्या देहाच्या बळावर ते सिद्ध करून देण्यास तयार आहोत, असे जाहीर केले. द्वंद्वयुद्धाचे हे आव्हान होते. फिर्यादीने तो मोजा उचलावा आणि मग उभयतांनी न्यायाधीशांच्या साक्षीने लढून परमेश्वर कोणाच्या बाजूचा आहे ते ठरवावे, असा मध्ययुगीन रिवाज. वाफेची यंत्रे धडधडू लागलेल्या आणि नेपोलियनला वॉटर्लूवर हरवून दोन वर्षे झालेल्या इंग्लंडात हा प्रकार घडत होता.

हकीकत अशी, की त्याच वर्षीच्या मे महिन्यात बर्मिंगहॅमजवळच्या अर्डिंग्टन गावी मेरी अ‍ॅशफर्ड ही विशीतली मुलगी रात्री नाचाच्या मेळाव्याला गेली, परतताना थॉर्नटन तिच्या सोबतीस होता, आणि सकाळी तिचा देह पाण्याने भरलेल्या एका खड्ड्यात सापडला. वॉरविकच्या ज्यूरीने ऑगस्टमध्ये अवघ्या काही मिनिटांच्या विचाराने थॉर्नटनला निर्दोष सोडले. परंतु लोकक्षोभ शमेना. तेव्हा मुलीच्या पक्षाला असा सल्ला मिळाला, की राजाच्या नावाने चाललेल्या खटल्यातून आरोपी सुटला तरी मृताच्या निकटच्या वारसाने स्वतःच्या नावाने पुन्हा फिर्याद गुदरावी, असा एक जुना हक्क अद्याप रद्द झालेला नाही. मेरीचा भाऊ विल्यम याने त्याप्रमाणे फिर्याद केली. पण ज्या बासनातून फिर्यादीने आपले हत्यार उपसले त्याच बासनात आरोपीचेही हत्यार बांधलेले होते: अशा खाजगी फिर्यादीला द्वंद्वाने उत्तर देण्याचा आरोपीचा हक्कही तितकाच जुना आणि तितकाच शाबूत होता. लढाई सूर्योदयाला सुरू व्हायची; आरोपी हरला तर तत्काळ फाशी, आणि आकाशात तारे दिसू लागेपर्यंत तो टिकून राहिला तर निर्दोष. विल्यम अ‍ॅशफर्ड अंगाने किरकोळ होता, थॉर्नटन मल्लासारखा. त्यामुळे ईश्वराचा कौल कोणीकडे झुकणार याविषयी कोणालाच फारशी शंका नव्हती.

न्यायमूर्तींनी महिनोन्‌महिने वकिलांची भाषणे ऐकली, जुने ग्रंथ धुंडाळले, आणि १८१८ च्या एप्रिलमध्ये मुख्य न्यायाधीश लॉर्ड एलेनबरो यांनी निर्णय दिला, की देशाचा कायदा द्वंद्वयुद्धाच्या बाजूचा आहे आणि कायदा असावा कसा हे सांगणे आमचे काम नसून तो आहे कसा एवढेच आम्ही सांगू शकतो. अ‍ॅशफर्डने लढण्याचे नाकारले. थॉर्नटन सुटला आणि पुढे अमेरिकेला निघून गेला. पुढल्याच वर्षी पार्लमेंटने खुनाची खाजगी फिर्याद आणि द्वंद्वाचा न्याय ही दोन्ही एकाच कायद्याने मोडीत काढली. हे काम पंचेचाळीस वर्षे आधीच व्हायचे, पण १७७४ मध्ये मॅसॅच्युसेट्स या अमेरिकेतील वसाहतीपुरता हा खाजगी फिर्यादीचा हक्क काढून घेण्याचा विचार निघाला असता, हा तर राज्यघटनेचा आधारस्तंभ आहे, असे म्हणणारे विधिज्ञ कॉमन्स सभेत निघाले होते! पडीक गोष्टीला हात लावला की तिचे भक्त जागे होतात. हा अनुभव इंग्लंडला पुढेही वारंवार यायचा होता.

द्वंद्वाचा हा नियम कोणा एका राजाने लिहून दिलेला नव्हता, तो रूढीतून आलेला होता. परंतु त्यामागची समजूत पार्लमेंटने केलेल्या लिखित कायद्यांना तर अधिकच कडकपणे लागू होती. कायदा एकदा झाला की तो कितीही शतके निजून राहिला, त्याचा अंमल करणारे अधिकारी आणि ज्यांच्यावर अंमल करावयाचा ती माणसे मातीला मिळाली, तरी केवळ वापरात नाही म्हणून तो मेला असे इंग्लंडचे न्यायालय म्हणू शकत नाही. पार्लमेंटनेच त्याचे निरसन करावे लागते. शेजारच्या स्कॉटलंडात मात्र १७०७ च्या एकीकरणापूर्वीचे स्कॉटिश कायदे दीर्घकालीन विस्मृतीने लुप्त झाले, असे न्यायाधीश ठरवू शकतात. एकाच राजमुकुटाखालच्या दोन देशांत कायद्याच्या मरणाविषयी अशी दोन मते सुखाने नांदतात, हे ब्रिटिशांच्या स्वभावाला धरूनच आहे.

निजलेला कायदा निरुपद्रवी असता तर त्याला कोणी उठवून मारण्याच्या खटपटीत पडले नसते. पण सातव्या हेन्रीच्या काळी एम्पसन आणि डडली या दोन कायदेपंडित कारभाऱ्यांनी जुने, लोकांच्या स्मरणातून गेलेले दंडविधायक कायदे उकरून काढून धनिकांकडून खंडण्या वसूल केल्या आणि राजाचा खजिना भरला. राजा गेल्यावर १५१० मध्ये दोघांचीही डोकी उडाली, कायदे मात्र जागेवरच राहिले. शिवाय सरकारपाशी पोलीसदल नसल्याने दंडाची अर्धी रक्कम खबऱ्याला द्यावी, अशी सोय कित्येक कायद्यांत केलेली असे; आणि जेथे जुन्या कायद्याच्या शोधावर असे बक्षीस आहे तेथे शोधक निपजणारच.

लोकरीच्या कफनाचा कायदा यासंबंधी मासल्यादाखल पाहण्यासारखा आहे. देशी लोकरीचा व्यापार वाढावा म्हणून दुसऱ्या चार्ल्सच्या अमदानीत असे फर्माविण्यात आले, की प्रेत इंग्लिश लोकरीच्या वस्त्राखेरीज अन्य कशातही पुरता कामा नये. दफनानंतर आठ दिवसांच्या आत आप्तांनी तसे शपथपत्र द्यावे, न दिल्यास दंड ५ पौंड, त्यातला निम्मा गावच्या गोरगरिबांना आणि निम्मा खबर देणाराला. दुखवट्यातल्या घराने शपथेसाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या, ही गोष्टच मुळी विचित्र. श्रीमंतांनी त्यावर तोडही काढली: आपल्याच माणसाने आपल्याविरुद्ध खबर द्यावी, म्हणजे निम्मा दंड घरात परत येतो. १७३० मध्ये वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत पुरलेली अ‍ॅन ओल्डफील्ड ही नामांकित नटी तर ब्रुसेल्सच्या जाळीदार लेसमध्ये नटून गेली. पुढे कोणी हा कायदा पाळीनासे झाले, कोणी शपथपत्रे मागेनासे झाले. तरी तो कागदावरून पुसला गेला तो १८१४ मध्ये.

या अडगळीकडे प्रथम तत्त्वज्ञाच्या दृष्टीने पाहिले फ्रान्सिस बेकन याने. पहिल्या जेम्स राजाचा अ‍ॅटर्नी जनरल असताना, १६१६ च्या सुमारास, त्याने कायद्यांच्या संकलनाची आणि सुधारणेची एक योजना राजाला सादर केली. त्याचे म्हणणे असे, की कालबाह्य दंडकायदे हे प्रजेसाठी लावलेले फास असून त्यांच्यामुळे चांगल्या कायद्यांचेही तेज जाते. लोकांना काही कायदे मोडण्याची सवय लागली की ती तेवढ्यावर थांबत नाही. व्हर्जिलच्या महाकाव्यात एक क्रूर राजा जिवंत माणसाला प्रेताशी तोंडाला तोंड लावून बांधतो आणि तशा अवस्थेत मरू देतो. मेलेल्या कायद्यांच्या मिठीत जिवंत कायदे तसेच गुदमरत आहेत, हा त्याने दिलेला दृष्टांत त्या विषयावरील पुढच्या तीनशे वर्षांच्या साऱ्या अहवालांपेक्षा अधिक परिणामकारक आहे. परंतु बेकनची योजना दप्तरी पडली, आणि १६२१ मध्ये लाच घेतल्याच्या आरोपावरून तो स्वतःच अधिकारपदावरून गेला.

त्यानंतरची दोन शतके झाडाझडतीची नसून भर घालण्याची होती. पार्लमेंट दरसाल बसू लागले, आणि दरसाल कायद्यांचा नवा थर जुन्यावर चढू लागला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सर सॅम्युएल रोमिली याने किरकोळ चोऱ्यांना फाशी सांगणारे कायदे एकेक करून काढण्याचा यत्न केला, तर उमराव सभेने दुकानातल्या पाच शिलिंगांच्या चोरीची फाशी काढू देण्यासही पुनःपुन्हा नकार दिला. पुढे गृहमंत्री रॉबर्ट पील याने १८२७ मध्ये चोरीविषयीचे शंभरावर कायदे एका फटक्यात रद्द करून त्यांचे सार नव्या कायद्यांत आणले. पील सावध वृत्तीचा मुत्सद्दी होता, म्हणूनच कदाचित त्याचे हे धाडस लोकांच्या पचनी पडले.

तरीही इंग्लंडात आज कोणते कायदे चालू आहेत, या साध्या प्रश्नाला उत्तर देऊ शकेल असा मनुष्य १८५० साली त्या देशात नव्हता. अडचण नुसत्या संख्येची नव्हती. जुन्या कायद्यांना आजच्यासारखी सुटसुटीत नावे नसत; राजाच्या कारकीर्दीचे वर्ष आणि त्या अधिवेशनातील प्रकरणाचा क्रमांक, म्हणजे ‘२९ चार्ल्स दुसरा, प्रकरण ३’, अशी त्यांची ओळख. आरंभीचे कायदे लॅटिनमध्ये, नंतरचे नॉर्मन फ्रेंचमध्ये, त्यानंतरचे अशा इंग्रजीत की एकेक वाक्य पानभर चालावे. त्यातून एखाद्या जकातीच्या कायद्याच्या शेपटाला भलत्याच विषयाचे कलम जोडून दिलेले. आणि नवा कायदा जुन्याशी विसंगत असला तरी जुना रद्द झाला असे स्पष्ट न म्हणता ते वाचणाऱ्याच्या तर्कावर सोडलेले.

लॉर्ड चॅन्सेलर क्रॅनवर्थ यांनी १८५३ मध्ये या कामासाठी मंडळ नेमले, आणि १८५६ मध्ये शंभरावर निरुपयोगी कायदे काढून टाकणारा पहिला छोटा कायदा झाला. खरी झाडाझडती मात्र पुढचे एक चॅन्सेलर लॉर्ड वेस्टबरी यांच्या काळात सुरू झाली. हा गृहस्थ तीक्ष्ण जिभेसाठी प्रसिद्ध, सहकाऱ्यांना अप्रिय, पण कामाला वाघ. मसुदे करणाऱ्यांनी आधी अलीकडचा थर खणला: १८६१ च्या कायद्याने तिसऱ्या जॉर्जच्या अकराव्या वर्षापासून पुढचे, मग १८६३ मध्ये एकदम तळाला जाऊन तिसऱ्या हेन्रीपासून दुसऱ्या जेम्सपर्यंतचे, म्हणजे साडेचार शतकांचे, आणि शेवटी १८६७ मध्ये मधला थर. प्रत्येक कायदा घेऊन पाहावयाचे, की हा मुदत संपून गेला आहे काय, नंतरच्या कायद्याने गिळला आहे काय, की ज्या कारणासाठी जन्मला ते कारणच उरले नाही. एखादे कलम कशासाठी केले होते हे कळल्यावाचून ते गेल्याने कोणाचे काय बुडेल हे सांगता येत नाही. म्हणून कायदा मारणाराला तो जन्माला घालणारापेक्षा अधिक अभ्यास करावा लागे. तेवढ्यानेही भीती सरेना. मग निरसनाच्या प्रत्येक कायद्यात एक संरक्षक कलम घालण्यात आले, की रद्द कायद्यातून उत्पन्न झालेला कोणताही प्रस्थापित हक्क, रिवाज किंवा तत्त्व यामुळे बाधित होणार नाही. आणखीही एक पुस्ती होती, जिच्याकडे इंग्लंडात कोणी फारसे लक्ष दिले नाही: सम्राज्ञीच्या समुद्रापलीकडील मुलखांत तो कायदा चालू असल्यास तेथे तो तसाच राहील. तिचा परिणाम पुढे येणारच आहे.

१८७० ते १८८५ या काळात शिल्लक कायद्यांची सुधारित आवृत्ती अठरा खंडांत बाहेर पडली, आणि सहाशे वर्षांत प्रथमच इंग्लंडचे चालू कायदे एका फळीवर मावले. या पराक्रमाला कोणी पुतळा उभारला नाही. वाचवले गेलेले जुने कायदेही काही शोभेचे नव्हते. १३५१ च्या राजद्रोहाच्या कायद्याखाली १९१६ मध्ये आयरिश स्वातंत्र्यवादी सर रॉजर केसमेंट यांच्यावर खटला चालला, तेव्हा त्यांच्या वकिलाचा सारा युक्तिवाद नॉर्मन फ्रेंच मजकुरातील एक शब्दसमूह मागच्या शब्दांशी जोडावा की पुढच्या, यावर येऊन ठेपला. विरामचिन्हांचा घोळ मिटविण्यासाठी दोन न्यायाधीश दप्तरखान्यात जाऊन मूळ गुंडाळी स्वतः पाहून आले. केसमेंट फाशी गेले. पावणेसहाशे वर्षांच्या कागदावर माणसाचा प्राण टांगलेला असावा, हे मला आजही भयंकर वाटते. पण तो कायदा कालबाह्य म्हणता येत नव्हता, कारण राजद्रोहाची व्याख्या दुसरीकडे नव्हतीच. १९४५ मध्ये बर्लिनच्या नभोवाणीवरून बोलणाऱ्या विल्यम जॉइसलाही त्याच कायद्याखाली दोषी ठरविण्यात आले.

दुसऱ्या महायुद्धाने आणखी एक मढे उकरले. हेलन डंकन ही स्कॉटिश बाई प्रेतात्म्यांशी संवाद साधून दाखविण्याचे प्रयोग करीत असे, आणि नौदलाचे ठाणे असलेल्या पोर्ट्स्मथ येथे तिचे प्रयोग चालू असताना जानेवारी १९४४ मध्ये तिला पकडण्यात आले. ‘बारहॅम’ या युद्धनौकेचा नाश सरकारने गुप्त ठेवला असता तिने तो बैठकीत उघड केला होता, असे सांगतात. खटला भरला गेला तो १७३५ च्या चेटूकविषयक कायद्याखाली! त्या कायद्याने खरे म्हणजे चेटूक हा गुन्हाच राहू दिला नव्हता. चेटकाचे ढोंग करणाराला शिक्षा सांगितली होती. ओल्ड बेलीच्या न्यायालयाने तिला नऊ महिन्यांची कैद दिली. युद्धाच्या गर्दीतही पंतप्रधान चर्चिल यांनी गृहमंत्र्यांना टिपण पाठवून, आधुनिक न्यायालयात हा कायदा का वापरला आणि त्यापायी सरकारचा खर्च किती झाला, अशी चिडखोर विचारणा केली. १९५१ मध्ये तो कायदा गेला, आणि त्याच वर्षी खबऱ्याला दंडाचा हिस्सा देण्याची पद्धतही गेली.

तोवर झाडाझडती हे काम हंगामी होते. एखादा उत्साही चॅन्सेलर आला की झाडू फिरायचा. १९६५ मध्ये लॉर्ड गार्डिनर यांच्या पुढाकाराने विधी आयोग स्थापन झाला, न्यायमूर्ती लेस्ली स्कारमन त्याचे पहिले अध्यक्ष झाले, आणि निरुपयोगी कायद्यांचे निरसन हे त्याचे कायम कर्तव्य ठरले. १९६७ मध्ये कजाग बाई असणे, चोरून ऐकणे, विनाकारण भांडणे लावणे असले जुने गुन्हे पुसले गेले. १९६९ च्या निरसन कायद्याने मॅग्ना कार्टाच्या उरल्यासुरल्या कलमांतूनही बहुतेक कलमे काढली. चर्चचे स्वातंत्र्य, लंडन शहराचे हक्क, आणि कायद्याच्या मार्गाखेरीज कोणाही स्वतंत्र माणसाला कैद करू नये हे विख्यात वचन, एवढाच काय तो गाभा राहिला. ज्या सनदेच्या नावाने अर्धे जग शपथा घेते तिला आतून इतके पोखरले गेले, आणि इंग्लंडात विशेष गवगवाही झाला नाही.

आपल्याकडची गोष्ट या दप्तरात दोन ठिकाणी येते. वर सांगितलेल्या त्या पुस्तीमुळे इंग्लंडात मेलेले कायदे मुंबई, मद्रास, कलकत्त्यात जिवंत राहण्याची सोय झाली होती. आणि स्वातंत्र्यानंतर घटनेच्या ३७२ व्या अनुच्छेदाने जुने कायदे रद्द होईपर्यंत चालू ठेवले. मुंबईचे मोतीलाल सेटलवाड अध्यक्ष असलेल्या आपल्या विधी आयोगाने १९५७ च्या पाचव्या अहवालात भारताला लागू असलेल्या ब्रिटिश कायद्यांची छाननी केली, आणि १९६० मध्ये भारतीय संसदेने असे २५८ कायदे भारतापुरते रद्द केले. आपला हिशेब असा चुकता झाला, लंडनचा नव्हता.

मुंबईच्या बोरीबंदरापासून ठाण्यापर्यंत १६ एप्रिल १८५३ रोजी ज्या कंपनीची गाडी धावली, ती ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी १८४९ च्या ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्याने जन्मली होती. भांडवल इंग्लंडचे, त्यावर ५ टक्के व्याजाची हमी ईस्ट इंडिया कंपनीची, आणि तूट भरून काढायची ती हिंदुस्थानच्या रयतेच्या महसुलातून. १९०० मध्ये सरकारने तो रेल्वेमार्ग विकत घेतला, १९५१ मध्ये तो मध्य रेल्वेत विलीन झाला. पण ज्या कायद्याने कंपनी उभी राहिली तो वेस्टमिन्स्टरच्या दप्तरात तसाच पडून होता. २०१३ च्या निरसन कायद्याने ८१७ अधिनियम संपूर्ण रद्द केले, त्यांत हिंदुस्थान आणि आसपासच्या मुलखातील आगगाडी कंपन्यांचे ३८ होते. त्याच यादीत १८०० सालचा आणखी एक हिंदुस्थानी नग निघाला. मद्रासचा गव्हर्नर जॉर्ज पिगट याने येथून नेलेला भला थोरला हिरा त्याच्या वारसांना विकता येईना, म्हणून सोडत काढून तो खपविण्याची परवानगी देणारा तो कायदा होता. सोडत १८०१ मध्येच झाली, हिरा कधीच परमुलखात गेला, आणि परवानगी मात्र दोनशे बारा वर्षे अबाधित राहिली.

सर्वांत जुन्याचा प्रश्न अजून बाकी आहे. सरदारांचे बंड मोडल्यावर तिसऱ्या हेन्रीने १२६७ मध्ये मार्लबरो येथे केलेल्या कायद्यातील काही कलमे अद्याप चालू आहेत. धनकोने ऋणकोची मालमत्ता परस्पर जप्त करू नये, जप्तीची जनावरे परगण्याबाहेर हाकून नेऊ नयेत, भर हमरस्त्यावर जप्ती करू नये, असे त्यांचे आशय. जप्तीचे नवे कायदे आल्याने यांपैकी दोन कलमांना आता काही काम उरलेले नाही, असे विधी आयोगाने ठरवून २०१५ मध्ये त्यांच्या निरसनाचा मसुदा तयार केला. तो मसुदा पार्लमेंटने अजून मंजूर केलेला नाही.